विश्लेषण : धाराशिवच्या महिलांनी जगाला दिलेला पुरावा नाशिकच्या महिलांपर्यंत कधी पोहोचणार?

गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्यापूर्वी अनेक वर्षे पेशींमध्ये बदल सुरू झालेले असतात. हे बदल रेणूंच्या पातळीवर टिपणाऱ्या चाचण्या उपलब्ध आहेत आणि त्यातील काही चाचण्यांचे संच गोवा व पुण्यात तयार होतात. तरीही गावपातळीवरील सरकारी तपासणीचा भर जुन्याच पद्धतीवर आहे. नवी चाचणी नेमके काय शोधते, तिच्या मर्यादा काय आणि नाशिकसारख्या जिल्ह्यात ती कशी राबवता येईल, याचा हा आढावा.

धाराशिवमध्ये नेमके काय घडले होते?

ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला. ४९७ गावांतील ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ महिलांचा त्यात समावेश होता. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. पहिल्या गटातील महिलांची एचपीव्ही विषाणूसाठी डीएनए चाचणी झाली. दुसऱ्या गटाची पॅप स्मिअर, तर तिसऱ्या गटाची व्हीआयए तपासणी झाली. चौथ्या गटाला आजाराची माहिती आणि तपासणी कुठे होते एवढेच सांगण्यात आले.

या महिलांची सुमारे आठ वर्षे नोंद ठेवली गेली. निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. आर. शंकरनारायणन हे त्याचे मुख्य लेखक होते. डीएनए चाचणी झालेल्या ३४ हजार १२६ महिलांपैकी ३४ जणींचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू झाला. कोणतीही तपासणी न झालेल्या गटात ३१ हजार ४८८ महिला होत्या. तेथे हा आकडा ६४ होता. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीमुळे मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. पॅप स्मिअर आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही.

या अभ्यासाचा जगावर काय परिणाम झाला?

एचपीव्ही चाचणीमुळे खरोखर जीव वाचतात, याचा सर्वांत ठोस पुरावा या अभ्यासातून मिळाला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमातील पॅप स्मिअर बंद करून एचपीव्ही चाचणी आणली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली. त्याआधी २०२० मध्ये संघटनेने २०३० सालासाठी तीन उद्दिष्टे ठरवली होती : ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के महिलांची वयाच्या ३५ आणि ४५ वर्षांपर्यंत दर्जेदार चाचणी आणि आजार आढळलेल्या ९० टक्के महिलांवर उपचार.

भारतातील चित्र वेगळे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के महिलांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झाली होती. शंभरात दोघीही नाहीत. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार देशात वर्षभरात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार महिलांचा मृत्यू झाला. ज्या आजाराची पूर्वसूचना इतकी आधी मिळते, त्यात एवढे मृत्यू होणे हे वैद्यकशास्त्राचे नव्हे, तर व्यवस्थेचे अपयश आहे.

व्हीआयए चाचणी निरुपयोगी आहे का?

नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयोगटातील महिलांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी सुचवली आहे. यात गर्भाशयाच्या मुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून साधारण मिनिटभर वाट पाहतात. पांढरा डाग उमटला तर पुढील तपासणी केली जाते. खर्च अत्यल्प असतो, प्रयोगशाळा लागत नाही आणि निष्कर्ष जागेवरच मिळतो. टाटा स्मारकच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील वस्त्यांमध्ये झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी महिलांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली. तेथे मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट दिसली.

मात्र, त्यासाठी तपासणीच्या चार फेऱ्या आणि सतत देखरेख लागली. व्हीआयए पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. एकीला दिसलेला डाग दुसरीला दिसेलच असे नाही. वय पन्नाशीकडे गेले, की पेशींमध्ये बदल होण्याची जागा गर्भाशयाच्या मुखात आत सरकते आणि डोळ्यांना दिसत नाही.

धाराशिवच्या अभ्यासातील आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. चाचणी निगेटिव्ह आलेल्या महिलांपैकी नंतर किती जणींना कर्करोग झाला, हे तपासले गेले. एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आलेल्या महिलांमध्ये हे प्रमाण दरवर्षी एक लाखामागे ३.७ होते. पॅप स्मिअर निगेटिव्ह असलेल्यांमध्ये ते १५.५, तर व्हीआयए निगेटिव्ह असलेल्यांमध्ये १६ होते. ‘काही नाही, घरी जा’ हे वाक्य एचपीव्ही चाचणीनंतर अधिक खात्रीने सांगता येते. ज्या महिलेला पुन्हा तपासणीला येण्याची संधी कदाचित दहा वर्षे मिळणार नाही, तिच्यासाठी ही खात्री फार मोलाची आहे.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग का?

नाही आणि सर्वाधिक गैरसमज येथेच होतो. एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सर्वसामान्य आहे. तो बहुतांश महिलांना आणि पुरुषांनाही आयुष्यात कधी तरी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. धोका असतो तो वर्षानुवर्षे टिकून राहणाऱ्या संसर्गाचा. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा काळ बराच कमी होतो.

आता गणित पाहू. धाराशिवमध्ये एचपीव्ही चाचणी सुमारे दहा टक्के महिलांमध्ये पॉझिटिव्ह आली. म्हणजे एक हजार महिला तपासल्या तर सुमारे १०० पॉझिटिव्ह. त्यांपैकी उपचार लागतील असे कर्करोगपूर्व बदल मात्र दहाच्या आसपास महिलांमध्येच आढळले. उरलेल्या ९० जणींमध्ये विषाणू आहे, आजार नाही. सर्वच १०० जणींवर उपचार केले तर अनेकींवर ते विनाकारण होतील. सर्वांना जिल्ह्याच्या ठिकाणी कॉल्पोस्कोपीसाठी बोलावले तर अनेक जणी येणारच नाहीत. म्हणून पहिल्या मोठ्या चाळणीनंतर दुसरी बारीक चाळणी लागते. रेणवीय बायोमार्कर येथे उपयोगी पडतात.

हे बायोमार्कर काय सांगतात?

विषाणू पेशीत काय करतो हे समजले की बायोमार्करही समजतात. पेशीची वाढ आटोक्यात ठेवणारे दोन महत्त्वाचे पहारेकरी आहेत, पी५३ आणि आरबी ही प्रथिने. घातक एचपीव्ही ‘ई६’ आणि ‘ई७’ ही दोन प्रथिने बनवतो. ई६ पी५३ला नष्ट करवतो, तर ई७ आरबीला निकामी करतो. पहारेकरी गेले की पेशी अनिर्बंध वाढू लागते. यावर आधारित चार मार्ग आज चर्चेत आहेत.

पहिला, विषाणूचा प्रकार ओळखणे. एचपीव्ही १६ आणि १८ हे दोन प्रकार जगभरातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारणीभूत आहेत. त्यामुळे १६ किंवा १८ पॉझिटिव्ह असलेल्या महिलेची पुढील तपासणी आधी व्हायला हवी. हे उत्तर बहुतेकदा त्याच चाचणीत मिळते.

दुसरा, ई६ आणि ई७ यांची एमआरएनए चाचणी. डीएनए सापडले तर विषाणू हजर आहे एवढे कळते. एमआरएनए सापडले तर तो कामाला लागला आहे, हे कळते.

तिसरा, पी१६ आणि केआय-६७ यांचे दुहेरी रंजन. पी१६ हे पेशीने दाबलेल्या ब्रेकसारखे आहे, तर केआय-६७ पेशीचे विभाजन सुरू असल्याची खूण आहे. निरोगी पेशीत या दोन्ही खुणा एकत्र दिसत नाहीत. एकाच पेशीत ब्रेकही दाबलेला आणि गाडीही धावतेय असे दिसले, तर ब्रेक निकामी झाला आहे असे समजावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये अशा चाचणीला मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तिच्या वापराबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या.

चौथा, डीएनए मिथायलेशन. कर्करोगाच्या दिशेने जाणाऱ्या पेशीत काही जनुकांवर रासायनिक खुणा चढतात आणि ती जनुके बंद पडतात. या खुणा जितक्या जास्त, तितका बदल पुढच्या टप्प्यावर गेल्याची शक्यता अधिक.

यांपैकी नाशिकमध्ये काय उपयोगी पडेल?

नाशिक शहरातील महिलेला एचपीव्ही चाचणी खासगी प्रयोगशाळेत पैसे मोजून करता येते. प्रश्न पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवरील महिलांचा आहे. द्राक्षाच्या हंगामात यांतील अनेक जणी दिंडोरी-निफाडच्या बागांवर मजुरीला असतात. आज तपासणी, आठवड्याने निकाल आणि महिन्याने नाशिकला फेरी असे वेळापत्रक त्यांच्यासाठी कागदावरच राहते. मजुरी बुडवून दुसऱ्यांदा येणे परवडत नाही. अंगावरून पांढरे जाणे, अवेळी रक्तस्राव अशी लक्षणे अंगावर काढण्याचीच सवय लागलेली असते. जी महिला लक्षणे असतानाही दवाखान्यात येत नाही, ती काहीच त्रास नसताना दोनदा येईल, अशी अपेक्षा धरणे चूक आहे.

म्हणून एखादा बायोमार्कर किती अचूक आहे, एवढेच पाहून चालणार नाही. त्यासाठी महिलेला किती वेळा यावे लागेल, हेही पाहावे लागेल. दुहेरी रंजनाला काचपट्टीवर पेशी, रंजनाची सोय आणि ते वाचणारा तज्ज्ञ लागतो. तालुक्याच्या ठिकाणी हे सध्या अवघड आहे. मिथायलेशनचा फायदा असा, की महिलेने स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही ती चाचणी करता येते. मात्र, ती अजून महाग आहे आणि सरकारी कार्यक्रमात रुळलेली नाही. विषाणूचा प्रकार ओळखणे आजही शक्य आहे. त्यामुळे आधी एचपीव्ही चाचणी आणि त्यातच प्रकाराची ओळख, पॉझिटिव्ह महिलेची त्याच दिवशी पाहणी आणि गरजेनुसार उपचार, हा क्रम जिल्ह्यासाठी व्यवहार्य ठरतो. नवे बायोमार्कर स्वस्त होतील तसे या साखळीत जोडता येतील. त्यांची वाट पाहत पहिली पायरी अडवून ठेवण्याचे कारण नाही.

यंत्रे कुठून आणायची?

याचे उत्तर क्षयरोग कार्यक्रमात आहे. ‘ट्रूनॅट’ ही छोटी, चिपवर चालणारी यंत्रे क्षयरोगाच्या निदानासाठी सरकारी आरोग्य यंत्रणेत देशभर वापरली जातात. कोविडच्या काळात त्यांवर कोविडच्याही चाचण्या झाल्या. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या या यंत्रावर एचपीव्हीची चिपही चालते. पुण्यातील मायलॅबनेही एचपीव्हीचा आरटी-पीसीआर संच विकसित केला आहे. या स्वदेशी संचांची पडताळणी दिल्लीचे एम्स, नोएडा आणि मुंबईतील आयसीएमआरच्या संस्था यांनी जागतिक कर्करोग संशोधन संस्थेसोबत केली. एप्रिल २०२५ मध्ये ती जाहीर करण्यात आली. भारतात अधिक आढळणारे सात-आठ घातक प्रकार हे संच शोधतात.

यंत्र क्षयरोगाच्या कामात गुंतलेले असते, हा आक्षेप रास्त आहे. क्षयरोगाची चाचणी मागे पडता कामा नये. पण आठवड्यातील ठरावीक दिवस एचपीव्हीसाठी राखून ठेवणे किंवा ताण अधिक असेल तेथे आणखी एक यंत्र देणे हा नियोजनाचा भाग आहे. त्यासाठी नवे संशोधन लागत नाही.

नमुना महिलेला स्वतःही घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली आहे आणि ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून हा पर्याय सर्व पात्र महिलांना खुला केला. संकोच हे आपल्याकडील तपासणीतले मोठे कारण असल्याने आशा सेविकेने समजावून सांगितल्यावर महिलेने आडोशाला जाऊन स्वतः नमुना घेणे अनेकींना सोपे वाटेल.

खरी अडचण कुठे आहे?

चाचणीनंतरच्या टप्प्यात. पॉझिटिव्ह निकाल हातात आणि पुढे काय याचा पत्ता नाही, ही स्थिती चाचणी न होण्यापेक्षाही वाईट असू शकते. कर्करोगपूर्व बदलांवर थर्मल ॲब्लेशन हा सोपा उपचार आहे. हातात मावणाऱ्या उपकरणाने बाधित भाग काही सेकंदांत तापवून नष्ट केला जातो. प्रशिक्षित डॉक्टर किंवा परिचारिका हे करू शकते. भूल लागत नाही, महिला त्याच दिवशी घरी जाते. ज्यांचा बदल आतपर्यंत गेला आहे किंवा कर्करोगाची शंका आहे, त्यांना मात्र पुढे पाठवावेच लागते.

त्यामुळे जिल्ह्यात पहिली चिप खरेदी करण्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात : कोणत्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ॲब्लेशन होईल, कॉल्पोस्कोपीसाठी महिला कोणत्या दिवशी कुठे जाईल आणि ती आली नाही तर तिचा पाठपुरावा कोणाच्या नावावर असेल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. प्रशिक्षणाची जबाबदारी त्याने घेतली, तर मनुष्यबळाचा प्रश्न बराच हलका होईल.

दुसरी अडचण समाजाची. एचपीव्ही लैंगिक संबंधांतून पसरतो, एवढेच अर्धवट कानावर गेले तर पॉझिटिव्ह महिलेकडे घरात संशयाने पाहिले जाण्याची भीती आहे. हा संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि तो कोणाकडून आला हे चाचणी सांगत नाही, हे निकाल देणाऱ्यानेच स्पष्ट करायला हवे. निकाल फक्त त्या महिलेला आणि खासगीत मिळायला हवा.

लस आली आहे, मग चाचणी कशाला?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. किशोरवयीन मुलींसाठी लस अत्यंत प्रभावी आहे आणि ती द्यायलाच हवी. पण लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या महिलांना तिचा फारसा लाभ नाही. मुलीला लस आणि आईला चाचणी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतील.

आता काय व्हायला हवे?

धाराशिवच्या अभ्यासावर टीकाही झाली. तपासणीने फायदा होतो हे जगाला माहीत असताना हजारो महिलांना तपासणीविना ठेवणे कितपत नैतिक होते, असा प्रश्न देश-विदेशात विचारला गेला. त्या वेळी भारतात नियमित तपासणी कुठेच होत नव्हती, त्यामुळे तुलना प्रत्यक्ष परिस्थितीशीच होती, असे संशोधकांचे म्हणणे होते. या युक्तिवादातील कोणती बाजू योग्य, यावर मतभेद राहतील. पण तपासणी न झालेल्या गटातील ते ६४ मृत्यू कागदावरचे नव्हते. त्यांच्यामुळे जे कळले, त्याचा लाभ ऑस्ट्रेलियातील महिलेला मिळतो आणि मराठवाड्यातील किंवा नाशिकच्या पाड्यावरील महिलेला मिळत नाही, याचे समर्थन मात्र कुठल्याच बाजूने होऊ शकत नाही.

सगळ्या जिल्ह्यात एकदम सुरुवात करण्याची गरज नाही. पेठ आणि सुरगाणा या दोन तालुक्यांत ३० ते ४९ वयोगटातील महिलांपासून आरंभ करता येईल. हंगामी स्थलांतरापूर्वीचे दिवस निवडावेत आणि चाचणी व उपचार शक्यतो एकाच फेरीत व्हावेत. किती चाचण्या झाल्या, हा आकडा सरकारी अहवालात येईलच. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा : पॉझिटिव्ह आलेल्या किती महिलांचे उपचार पूर्ण झाले. कार्यक्रम यशस्वी झाला की नाही, हे त्या दुसऱ्या रकान्यावरून ठरवायला हवे.